शेवरीपलीकडची हाक

सुरुवातीलाच सांगतो, या सदरातल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या नाचणगावच्या वाचनालयात तुमचा अंक येतो. तो मी मागच्या पानापासून उलटा वाचत येतो आणि हे सदर आलं की हसतो. पिंपळावरची बाई, कंदील घेऊन चालणारा म्हातारा... माझं सगळं आयुष्य भाजीच्या मळ्यात गेलं, वेळी-अवेळी विहिरीवर एकटा राहिलो, पण मला कधी काही दिसलं नाही. आमच्याकडचे लोक गिरडच्या टेकडीवर नवस फेडायला जातात. मीही जातो, पण डबा खाऊन, वरून खालचं रान बघून परत येणारा मी.

तरी लिहायला बसलोय. दोनदा कागद फाडला, हा तिसरा. जे झालं ते भर दुपारी झालं आणि त्यात भूत वगैरे काही नव्हतं. त्यात ज्याचं वाईट झालं तो माझा सख्खा मोठा भाऊ, आणि वाईट करणारा मी. दादा होता तोवर कोणाला सांगायची गरज वाटली नाही, कारण त्याला माहीत होतं. तो मागच्या पावसाळ्यात गेला. त्यानंतर हे एकट्यानं सांभाळणं जमेना...

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर सालची गोष्ट. पुलगावच्या बाजारात आमच्या मळ्याची भाजी जायची — वांगी, पालक, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. विहीर एक आणि मळ्याचे भाग दोन. एक दादाचा, एक माझा. मध्ये शेवरीची दाट ओळ, त्यामुळे इकडचा माणूस तिकडे दिसत नाही. विहिरीवरून पाण्याचा दांड, म्हणजे पाट, निघतो, शेवरीपाशी त्याला फाटा फुटतो. तिथली माती फावड्यानं इकडची तिकडे केली की पाणी एकाकडून दुसऱ्याकडे वळतं. यालाच आमच्याकडे पाणी तोडणं म्हणतात. सकाळची पाळी माझी, दुपारपासून दादाची.

आता यातली एक रीत नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पाणी तोडायच्या आधी फाट्यावर उभं राहून हाक द्यायची — "तोडू का?" पलीकडच्यानं शेवटचा वाफा भरला का ते बघायचं आणि ओरडायचं — "तोड." हे उत्तर आल्याशिवाय फावडं मातीला लावायचं नाही. बाबांनी आम्हाला हे चालायला लागलो तेव्हापासून शिकवलं होतं. ज्यांची कोर्टात केस चालू आहे असे शेजारीसुद्धा ही हाक देतात. एकमेकांच्या सावलीला उभे राहणार नाहीत, पण "तोडू का" विचारतील.

दादाच्या पायाच्या हाडाला रोग झाला होता. तो किती तरी महिने लांबच्या एका मिशनच्या दवाखान्यात पडून होता. पाय वाचला, पण थोडा आखूड झाला. परत आला तो लंगडत आणि येशूला मानत. मोठा गाजावाजा काही नाही. पोळ्याला बैलांना तेल लावायचा, शिंगं रंगवायचा, पूजेच्या वेळी मात्र बाजूला उभा राहायचा. पुढे वर्ध्याला जाऊन त्यानं बाप्तिस्मा घेतला. ते कळलं त्या दिवशी बाबा ओसरीवर तंबाखू मळत होते. मळता मळता थांबले.

"तुले दिसला का तुया देव?" त्यांनी विचारलं.

"दिसला नाई बाबा," दादा म्हणाला. "भेटला."

"कसा काय?"

"पाय कापाचं ठरलं होतं. मी तोंडावर चादर घेऊन रडून राह्यलो होतो. त कोनं तरी उशाशी येऊन बसल्यावानी वाटलं. चादर काढली त कोनीच नाई. पन भेव गेलं माया मनातलं. पाय वाचला ते मंगचं. भेव पह्यले गेलं."

मी तिथंच बसलो होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "चप्पल घालून होता का दादा, तुया देव? का अनवाणी?"

बाबासुद्धा हसले. दादाही हसला, राग त्याला मुळातच कमी. म्हणाला, "तुले भेटन तवा तू पाहून घेजो, बापू."

घरात मला सगळे बापूच म्हणत.

बाबा होते तोवर हे असं थट्टेवारीत चाललं. ते गेले आणि दादानं डोकं भादरलं नाही. तो म्हणाला, बाबाच्या नावानं जे जेवण-खाण करायचं त्याला माझा अर्धा हात आहे, मातीलाही मीच खांदा देईन, पण बाकीचं माझ्याच्यानं होणार नाही. चार लोकांत माझी मान खाली गेली असं मला वाटलं. खरं सांगायचं तर लोक दोन दिवस बोलले आणि विसरले. मी विसरलो नाही. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

मग त्या हिवाळ्यात मी ते सुरू केलं.

दुपारी दादा फाट्यावर येऊन हाक द्यायचा — "तोडू का, बापू?" आणि मी शेवरीच्या अलीकडे उत्तर न देता बसून राहायचो. बस्स. एवढंच. मी पाणी चोरलं नाही, फावडं उचललं नाही, कोणाला शिवी दिली नाही. फक्त एक शब्द तोंडातून काढला नाही. दादा रीत मोडणारा नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. तो उभा राहायचा. थोड्या वेळानं पुन्हा हाक. पुन्हा उभा. माझे वाफे भरून पाणी पडीक जमिनीत जायचं तरी मी गप्प. मी "तोड" म्हणेपर्यंत दुपार कलायची, आणि मग विजेची लाईन गेली की मोटर बंद. दादाच्या अर्ध्या वाफ्यांपर्यंतसुद्धा पाणी पोचायचं नाही.

एखाद वेळी त्यानं स्वतःच पाणी वळवलं असतं तर मी भांडलो असतो, आणि भांडून कदाचित मोकळाही झालो असतो. पण तो लंगडत फाट्यापर्यंत यायचा आणि उन्हात वाट बघायचा. हे मी रोज ऐकत होतो. त्याचं ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देणं, फावडं टेकवणं... सगळं ऐकू यायचं. आणि मी बिडी ओढत बसायचो.

त्याचा पालक गेला, सांबार गेला. वहिनी कळशीनं पाणी नेऊन रोपं जगवायची. विहिरीवर एकदा माझी तिची गाठ पडली. ती म्हणाली, "भाऊजी, मोटर कमी पाणी फेकून राह्यली का हो? आमच्याकडं येतच नाई." मी म्हटलं, "असन." मान वर केली नाही.

चैत लागला. दादाकडे आता फक्त उन्हाळी वांगं उरलं होतं, नुकतं फुलावर आलेलं. एक दिवस तो शेवरीच्या ओळीतून वाट काढून माझ्या बांधावर आला. मी वाफ्यातलं तण निंदत होतो.

"बापू," तो म्हणाला, "एवढं वांगं हाती लागलं त राह्यतो. नाई त त्या दवाखान्यात माळ्याची जागा देऊन राह्यले मले. मळा सोडून जातो. मंग तूच कर सगळं."

मी निंदतच राहिलो. मनात आलं, की अजून थोडेच दिवस. अख्खा मळा माझा.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी दादा, वहिनी आणि त्यांची लहानगी बेबी अशी तिघं धुतलेले कपडे घालून एस.टी.साठी निघाली. वर्ध्याला त्यांची प्रार्थना होती. जाताना दादा बांधावर थांबला.

"बापू, आज मी नाई. माया पाळीचं पाणी वांग्याले वळवून देजो. लई वाळलं बावा ते."

मी फावडं उचलून दांडाकडे वळलो. वहिनी म्हणाली, "चला हो, गाडी चुकन." बेबी मागं वळून मला हात हलवत गेली.

दुपार झाली. लाईन होती, मोटर चालू होती. माझे सगळे वाफे भरले. मी शेवरीच्या सावलीत माझ्या टोकाला बसलो होतो, फाट्यापासून लांब. पाणी पडीकात चाललेलं मला दिसत होतं. आज तर हाकही येणार नव्हती. उद्या-परवापर्यंत ते वांगं संपलं असतं.

आणि हाक आली.

"तोडू का, बापू?"

मला वाटलं, दादाची गाडी चुकली, परत आला. सवयीनं मी गप्प बसलो. थोड्या वेळानं पुन्हा तेच — "तोडू का?" आवाजात घाई नाही, राग नाही. पण थकवा... असा थकवा की जणू तो माणूस आजचा नाही, हिवाळ्यापासून तिथंच उभा आहे.

मी चिडून उठलो. फाट्यापाशी गेलो. कोणी नव्हतं. माझ्या बाजूचं तोंड उघडं, दादाच्या बाजूचं मातीनं बंद, सकाळी मी केलं होतं तसंच. शेवरीतून पलीकडे गेलो. दादाच्या झोपडीला कुलूप. वहिनीची कळशी पालथी घातलेली. वांग्याची पानं खाली लोंबत होती, जमीन तडकलेली. चहूकडे बघितलं. लांब रस्त्यावरून एक बैलबंडी चालली होती, तेवढीच.

उन्हानं डोकं फिरलं म्हणून मी तोंडावर पाणी मारलं आणि जागेवर येऊन बसलो. बिडी पेटवली. आणि आवाज परत आला, त्याच जागेवरून —

"बापू, लई तहान लागली."

आता हा आवाज दादाचा होता का? मी पंधरा वर्षं यावर विचार केलाय. दादाचा होता असं म्हणता येत नाही आणि नव्हता असंही म्हणवत नाही. तो मला ओळखणारा आवाज होता. मी काय करत आलोय ते सगळं त्याला ठाऊक होतं, असं मला डायरेक्ट कळलं. कसं कळलं ते विचारू नका. भीती मात्र अजिबात वाटली नाही. उलट लहानपणी खोटं बोलून दिवसभर गवताच्या गंजीत लपून बसावं आणि संध्याकाळी माय शोधत यावी, तसं वाटलं. पकडलो गेलो, आणि बरं झालं.

माझ्या तोंडून शब्द निघाला. "तोड."

मग मी मोठ्यानं ओरडलो, "तोड, तोड गा!" आणि फावडं घेऊन पळालो.

फाट्यापाशी पोचलो तर पाणी वळलेलं होतं. माझ्या बाजूचं तोंड ओल्या मातीनं नीट लिंपलेलं, दादाच्या बाजूचं उघडलेलं, आणि पाणी त्याच्या दांडात फेस घेऊन चाललं होतं. माझं फावडं माझ्या हातात होतं आणि कोरडं होतं.

यावर मी स्वतःशी पुष्कळ लॉजिक लढवलंय. खेकड्यानं भोक पाडलं असेल. खेकडा फोडेल हो, पण दुसरं तोंड बंद कोण करेल? कोणी वाटसरू पाणी प्यायला आला असेल. मग तो गेला कुठं, आणि माझं नाव त्याला कोणी सांगितलं? की पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा मीच हातानं वळवलं आणि मला आठवत नाही? असेलही. हात मी नंतर पाहिले, तेव्हा ते चिखलानं भरलेले होतेच, कारण तोवर मी वांग्यात उतरलो होतो.

पाणी नुसतं वळवून भागत नाही. एकेक वाफा उघडायचा, भरला की बंद करायचा, पुढचा उघडायचा. मी ती सगळी दुपार दादाच्या मळ्यात काढली. त्या दिवशी लाईन गेली नाही. तडकलेली जमीन पाणी पिताना बारीक आवाज करते. तो ऐकत मी वाफ्यामागून वाफा भरत गेलो, आणि मध्येच कधीतरी मला रडू आलं. बाबा गेले तेव्हा आलं नव्हतं ते.

दिवस मावळायच्या सुमाराला ती तिघं परत आली. मी शेवटच्या वाफ्यात गुडघाभर चिखलात होतो. वहिनी बघतच राहिली, मग बेबीला घेऊन झोपडीकडे गेली. दादा बांधावर आला.

"तू वर्ध्याले गेलतास ना?" मी विचारलं. इतक्या महिन्यांत त्या एका "तोड"शिवाय त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे.

"गेलतो. काऊन?"

"मंग दुपारी हाक कोनं देल्ली?"

मी त्याला सगळं सांगितलं. हाकही, आणि हिवाळ्यापासून मी ऐकूनसुद्धा कसा बसून राहायचो तेही. तो आखूड पाय लांब करून बांधावर बसला. मग म्हणाला, "तहान लागली, असं म्हटलं?"

"हो."

"आज कोनता शुक्रवार होता, मालूम आहे तुले?"

मला कुठलं मालूम. त्यानं सांगितलं. त्यांच्या प्रभूला खिळ्यांनी ठोकून उन्हात टांगलं तो हा दिवस. जीव जाता जाता त्यानं तहान लागली म्हटलं. "अन् त्यायनं सांगून ठेवलं आहे बापू, का कोनी तहानलेला असला त त्याच्या जागी मीच उभा आहो. लोक त्याले आभाळात पाह्यतेत."

मी विचारलं, "तू तिथं काय मांगतलं आज?"

"काई नाई. बाकीच्यायनं मांगतलं. मी नुसतं तुयं नाव घेत बसलो होतो. दुसरं काई सुचेच नाई."

अंधारायला लागलं होतं. वहिनीनं चूल पेटवल्याचा धूर आला. दादानं माझ्याकडे तिरकं बघितलं.

"चप्पल घालून होता का?"

मला हसू आवरेना. चिखलात उभा राहून मी हसत होतो आणि डोळे पुसत होतो, तोंडभर चिखल झाला. "पाय नाई दिसले, दादा."

"मलेही नाई दिसले कधी," तो म्हणाला. "चाल, हात धू. जेवून जाजो."

वांगं जगलं. दादा मळा सोडून गेला नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही दुपारी एकमेकांना हाक दिली आणि उत्तर दिलं. त्यानं मला माफ केलं असं तोंडानं कधी म्हटलं नाही. हाक द्यायची तशीच देत राहिला. आणि मी कधी ती एका हाकेपेक्षा जास्त द्यायला लावली नाही.

पण हे दोघांतच राहिलं. वहिनीला मी सांगितलं नव्हतं. तिनं वाहिलेल्या कळश्या माझ्या डोळ्यांसमोरून जायच्या नाहीत. दादा गेल्यावर, गेल्या महिन्यात, तिच्या ओसरीवर बसून मी सांगितलं. ती भाजीच्या जुड्या बांधत होती.

"वहिनी, तवा मोटर चांगली होती."

"मालूम आहे, भाऊजी."

"कवापासून?"

"तवापासूनच. आंधळी होती का मी?" तिनं जुडीची गाठ दातानं ओढली. "मी भांडाले निघालती. यायनं हात धरला. म्हणे, तो आपल्या तोंडानं सांगन, तोवर वाट पाह्य."

"मी लई वर्षं लावले."

"लावलेच तुम्ही," ती म्हणाली. "हे बसले असते त चहा मांडाले सांगतला असता. मांडू का?"

मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. माझ्या घरी देव्हारा आहे, त्यात देव आहेत. पण दरवर्षी त्या शुक्रवारी मी दादाबरोबर वर्ध्याला जायचो आणि मागच्या बाकावर बसायचो. त्यांची गाणी मला येत नाहीत. देव माणसाला कसा भेटतो, हे त्यांचे पाद्रीसाहेब चांगलं समजावून सांगतात. मला समजावता येत नाही. दादाला एकदा विचारलं होतं, तो तोच होता का रे? दादा म्हणाला, "तू उत्तर देल्लं ना? मंग मले काऊन विचारतं?"

यंदा तो नव्हता. मी वर्ध्याला गेलो नाही. त्या दुपारी माझ्या टोकाला, शेवरीच्या सावलीत जाऊन बसलो. बिडी केव्हाच सुटली आहे. पाणी माझ्या शेवटच्या वाफ्यात होतं. तसा आवाज मला परत कधीच आला नाही, त्याही दिवशी आला नाही. काय होतं ते, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. तुमच्या वाचकांपैकी कोणाकडे असेल तर ऐकायला आवडेल, पण त्यानं फार फरक पडेल असं वाटत नाही.

थोड्या वेळानं शेवरीपलीकडून हाक आली. दादाचा मळा आता बेबी बघते. चांगली मोठी झाली आहे, फावडं बापासारखंच टेकवते.

"तोडू का, काका?"

माझा वाफा अजून भरायचा होता थोडा.

"तोड, बाई," मी म्हटलं. "तोड."